पाच गिअरची फियाट

आचरा, ९ ऑक्टोबर

गौरजा,

एका इंजिनाची खरी किंमत किती पडली, ते आधी सांगून टाकतो. फणसाची एक फांदी, जिला साखळीची कप्पी टांगली होती आणि जी जुनं इंजिन अर्ध्यावर असताना कडाडून मोडली. माझ्या डाव्या अंगठ्याचं नख. क्लाइव्हची कंबर. तुझ्या आईचा अबोलीचा वाफा, कारण इंजिन आपटलं ते नेमकं त्याच्यावर. आणि कोल्हापूरच्या एका भंगारवाल्याशी असलेली जुनी मैत्री, जी नव्या इंजिनाचा भाव करताना मी पार धुऊन काढली. रुपये धरलेले नाहीत. ते माझ्याकडे आहेत, हे तूच गणपतीत आरतीला जमलेल्या सगळ्यांसमोर सांगितलंस. "बाबा, तुमच्याकडे पैसे आहेत, लक्ष नाही."

आशीर्वाद वर लिहायला हवा होता. पण माझा फोन उचलत नाहीस तसा तोही उचलला नसतास. म्हणून पत्र. फोन कापता येतो, पत्राचं तसं नाही. पोस्टमनने एकदा आत सरकवलं की ते घरात राहिलं. वाचू नकोस, रद्दीत टाक. रद्दीवाला येईपर्यंत तरी मी तुझ्या घरात आहे.

तू काय म्हणालीस ते मला पाठ आहे. मे महिन्यात तुझ्या आईला कोल्हापूरच्या डॉक्टरकडे नेताना फोंडाघाटात फियाट तापली. मी बॉनेटमध्ये डोकं घालून होतो आणि सुनीती दार उघडून चालत सुटली. एका ट्रकवाल्याने दोन वळणं वर तिला पाहिली, भला माणूस, तिला परत घेऊन आला. "तुम्हाला इंजिनाचा श्वाससुद्धा ऐकू येतो, आईने दार उघडलेलं ऐकू आलं नाही?" असं तू विचारलंस. नाताळच्या सुट्टीत येईन आणि तिला पुण्याला घेऊन जाईन, असंही म्हणालीस. मी म्हटलं, माझ्या बायकोला माझ्या घरातून नेणारी तू कोण? ते मी अजूनही म्हणतो. आवाज तेवढा खाली आणलाय.

आता माझं म्हणणं ऐक. माझ्या कसालच्या गॅरेजची पांढरी गाडी आहे, थंडगार, नवी कोरी. तिच्यात सुनीतीला बसवलं की ती दाराची कडी धरून थरथरते. "माका उतरवा. मी परक्याच्या गाडीत बसूचंय नाय!" रिक्षात तेच, अँब्युलन्समध्ये तेच. फियाटमध्ये मात्र स्वतःहून जाऊन बसते. पदर सारखा करते, पर्स मांडीवर घेते, जशी शाळेत शिकवायला निघालीय. म्हणजे डॉक्टरकडे न्यायची तर फियाटनेच. आणि फियाट सदुसष्ट सालची, घाट चढायचा दम तिच्यात उरलेला नाही. तुला यातून काय दिसतं माहीत नाही, मला एकच दिसलं. गाडी तीच ठेवायची, काळीज बदलायचं.

रत्नागिरीकडे एक जिप्सी जीप झाडावर आपटली होती. तिचं तेराशे सीसीचं इंजिन त्या कोल्हापूरच्या भंगारवाल्याकडून आणलं, आणि त्याच्याच जोडीचा पाच गिअरचा गिअरबॉक्स. काम कसालला गॅरेजमध्ये दोन पोरांकडून करून घेता आलं असतं. पण मग तुझ्या आईजवळ कोण बसणार? म्हणून गॅरेज पोरांवर सोडलं आणि अंगणातच मांडामांड केली. मालवणहून क्लाइव्ह येतो. तुझा क्लाइव्हकाका बोटीवर इंजिनरूममध्ये आयुष्य काढून आलाय. त्याच्या मते फियाट म्हणजे बोटीवरचा पाण्याचा पंप. दिवसभर शेजारची संचिता तुझ्या आईकडे बघते आणि मी संचिताकडे बघतो की ती नीट बघते ना. लक्ष नाही म्हणू नकोस.

तू संचिताला रोज फोन करून आईची चौकशी करतेस हे मला कळतं. ती आत जाऊन बोलते. माझे कान कसे आहेत तुला माहीत आहे. रेडीच्या खाणीत मातीच्या ट्रकवर क्लीनर होतो तेव्हा ड्रायव्हर पेंगायचा आणि मी टपावर बसून सांगायचो, मागचं डावं बेअरिंग चाललं. त्या कानांवर कसालचं गॅरेज उभं राहिलं, तुझं शिक्षण झालं. तेव्हा भिंतीआडून तू तिला काय विचारतेस ते मला ऐकू येतं. विचारत जा. मला राग नाही.

बाबा


आचरा, ३० ऑक्टोबर

गौरजा,

इंजिन बसलं!

सहज बसलं नाही. ज्याच्यावर इंजिन टेकतं त्याला आम्ही फाउंडेशन म्हणतो. जुनं फाउंडेशन कापून नवं वेल्डिंग केलं, ते पहिल्यांदा बोटभर उंच झालं आणि बॉनेट लागेना. क्लाइव्ह म्हणाला, "बॉनेटाक भोक पाड, वारो खायत." मी म्हटलं, "तुझ्या बोटीक पाडलंस काय भोक कधी?" पुन्हा कापलं, पुन्हा जोडलं. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवले. पळायची ताकद दिली तर थांबायचीही द्यायला हवी. रेडिएटर मोठा केला. गिअरचा दांडा पूर्वी स्टिअरिंगला होता, तो आता खाली दोन सीटांच्या मध्ये आला. त्यासाठी गाडीची फरशी कापावी लागली. तुझी आई चहा घेऊन आली आणि भोकातून खाली जमीन बघून म्हणाली, "ह्यां काय, गाडयेत न्हाणी करतास?" क्लाइव्ह इतका हसला की कंबर धरून पायरीवर बसला. म्हणजे ती बरी आहे. विनोद सुचतो तिला.

मला हल्ली ती चहा पाहुण्यांच्या कपबशीत देते, ती सोनेरी काठाची. मान वाढला म्हणायचा.

गाडी कशी होईल ते सांगतो, लिहून ठेव. फोंडाघाट तिसऱ्या गिअरवर चढेल, तापमानाच्या काट्याला थंडच्या रेघेवरून हलू देणार नाही. राधानगरीच्या पुढे सरळ रस्त्याला पाचवा टाकीन आणि सुनीतीला झोप लागेल. आचऱ्यातून सकाळी नाश्ता करून निघालं की जेवायच्या आत कोल्हापूर, बॉनेट एकदाही न उघडता. आख्ख्या सिंधुदुर्गात अशी फियाट दुसरी नसेल. मग तू सांग पुण्याला कशाला न्यायचं.

आणखी एक फायदा. ती टकटक गेली. तुला आठवत असेल, आपल्या फियाटच्या इंजिनातलं टॅपेट वाजायचं. कितीही वेळा सेट केलं तरी आठवड्यात पुन्हा टकटक. कसालला लोक मला ऐकवायचे, "लवूशेट दुनियेच्या गाडये सारखे करतत आणि स्वतः टकटक करीत घराक जातत." संध्याकाळी पाराच्या वळणावर मी आलो की सगळ्या वाडीला कळायचं. मला आयुष्यभर त्या आवाजाची लाज वाटली. नवं इंजिन शिवणयंत्रासारखं चालेल, बघशील.

जुनं इंजिन कसालचा बाबली भंगारवाला येऊन घेऊन गेला. क्लाइव्ह अडून बसला होता. "ठेव रे मेल्या. कोपऱ्यात पडान ऱ्हवात. खाता काय तुझा?"

"दिवाळी इली. अंगणात भंगार ठेवतंस?"

"बाईंका तरी इचार."

"तिका काय इचारू? ती इंजिनावर रांगोळी काढतली."

तुझ्या आईला क्लाइव्हसुद्धा बाईच म्हणतो, अख्ख्या गावासारखा. त्याचा पुतण्या तिच्या हाताखाली बाराखडी शिकलाय. असो. इंजिन गेलं, जागा मोकळी झाली, अबोली पुन्हा लावली. एक रोप धरलंय.

दिवाळीला येत नाहीस हे संचिताकडून कळलं. फराळाचा डबा पाठवतोय. करंज्या संचिताच्या हातच्या आहेत. तुझ्या आईने सारण केलं, पण मीठ घातलं होतं.

बाबा


आचरा, २६ नोव्हेंबर

गौरजा,

डबा पोचल्याचं संचिताला कळवलंस, बरं झालं.

तुला एक बातमी द्यायची आहे आणि एक सांगायचं नाही असं ठरवलं होतं, ते शेवटी लिहितो.

बातमी अशी की रामेश्वराने कौल दिला. गावपळण आहे, पुढच्या महिन्यात. गावपळणीला तू शेवटची केव्हा होतीस? नववीत असशील. तीन रात्री गावात माणूस नाही, गुरं नाहीत, कुत्रं नाही, चूल नाही. वेशीबाहेर माडाच्या झापांच्या झोपड्या आणि त्यात अख्खा गाव. तू कोंबड्यांची टोपली मांडीवर घेऊन फियाटमध्ये पुढे बसली होतीस आणि एका कोंबडीने सीटवर अंडं घातलं. ते फोडून तुझ्या आईने झोपडीत आम्लेट केलं आणि म्हणाली, फियाटचं अंडं.

माझं ठरलंय. नव्या इंजिनाची पहिली फेरी हीच. रोजच्यासारखा पाराच्या वळणावरून येईन, गेटपाशी थांबेन, सुनीतीला बसवीन आणि वेशीपार नेईन. देवाच्या हुकमाने निघालेली गाडी, तिला विघ्न कसलं? तिथून परत आलो की दुसऱ्याच आठवड्यात कोल्हापूर. डॉक्टरांची वेळ घेतलीय.

गाडीचं मागचं काम उरलं होतं, तेही झालं. नव्या इंजिनाचा जोर मागच्या चाकांच्या आसाच्या जुन्या हाउसिंगला पेलणारा नव्हता, आतले दात चार दिवसांत तुटले असते. दुसऱ्या गाडीचं हाउसिंग आणून दोन्ही बाजूंनी कापून जोडलं. गिअरबॉक्सपासून मागे जाणारा लांब शाफ्ट कोल्हापूरला पाठवून आखूड करून घेतला. तो पहिल्यांदा आला तेव्हा मी हातात फिरवून बघितला आणि परत पाठवला. बॅलन्स नव्हता. क्लाइव्ह म्हणाला, "तुका हातात कळता?" मी म्हटलं, कानात कळतं. दुसऱ्यांदा नीट आला.

गेल्या रविवारी अंगणात पहिल्यांदा सुरू केली. गौरजा, काय सांगू. पहिल्या झटक्यात! बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवला, पाणी हललं नाही. पलीकडच्या घरची राधाबाई दगडी गडग्यावरून डोकावून म्हणाली, "सुरू केलंत काय? आवाजच नाय येणा." ह्यापरतं कौतुक दुसरं कोणतं?

तुझी आई बाहेर आली नाही. झोपली असेल.

नाही, झोपली नव्हती. मी खोटं लिहिणार होतो. खिडकीत उभी होती.

शेवटचं सांगायचं ते हे. ती हल्ली संध्याकाळी ओसरीवर येऊन बसते आणि रस्त्याकडे बघते. दिवेलागण झाली की अस्वस्थ होते, गेटपर्यंत जाते, परत येते. मी समोर खुर्चीत असतो. संचिताने विचारलं, "बाई, कोणाची वाट बघतास?" तर म्हणाली, "ह्यांची. आज उशीर झालो." मी म्हटलं, "गो, मी हंयच आसंय मगे." हसली. छान हसली. डॉक्टर म्हणाले होतेच, संध्याकाळी असा गोंधळ होतो. इंजिन उतरवल्यापासून मी कसालला गेलोच नाही, दिवसभर घरात. तिला सवय नाही माझी दिवसभर. एवढंच असेल.

बाबा


आचरा, १९ डिसेंबर

गौरजा,

गावपळण संपली. देवाने परतायचा कौल दिला, घरोघरी चुली पेटल्या. आधीच्या पत्रांत मी तुला गाडीचं सांगत होतो. हे गाडीचं नाही. म्हणजे गाडीचंच आहे.

निघायच्या दिवशी दुपारपासून वाडीत धांदल होती. टेम्पोत पाटे, वरवंटे, म्हातारी माणसं. राधाबाईच्या हातून कोंबडा सुटला म्हणून ती सात पिढ्यांचा उद्धार करत होती, कोंबड्याच्या. मी संचिताला सांगितलं, बाईंना हिरवं लुगडं नेसव, पर्स दे, ओसरीवर बसव. मी मागच्या वाटेने गाडी काढली आणि पारापर्यंत नेली. तिथून वळलो, जसा रोज कसालहून यायचो तसा. पार सोडला, हॉर्न दिला. इंजिन लोण्यासारखं चाललं होतं. मला वाटलं, आता ती उठेल.

ती रस्त्याकडे बघत होती. माझ्या गाडीवरून तिची नजर पुढे गेली आणि वळणावर जाऊन थांबली.

मी गेटपाशी उतरलो, तिच्या बाजूचं दार उघडून धरलं. ती उभी राहिली, हात जोडले आणि म्हणाली, "नमस्कार. आपण कोणाचे पालक?"

मला वाटलं गंमत करते.

"बसा ना," ती म्हणाली. "हे अजून आलेले नाहीत. येतीलच एवढ्यात. गाडीचा आवाज आला की चहा टाकते, तुम्हालाही घोटभर देईन."

गौरजा, तुझी आई आणि मी पुस्तकी मराठीत एकमेकांशी कधी बोललो नाही. तिच्या हेडमास्तरांची स्कूटर शाळेच्या आवारात दुरुस्त करत होतो तेव्हा ती मला पहिलं वाक्य बोलली, "बेगीन आटपा, माका पोरांची कवायत घेवची आसा." तिथून पुढे भांडण, समजूत, तुझं बारसं, सगळं मालवणीत. पुस्तकी मराठी ती शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांसाठी ठेवायची. परक्या माणसासाठी. इतकं शुद्ध, इतकं गोड बोलली माझ्याशी, की मी एक पाऊल मागे सरलो.

"गो, मी लवू," मी म्हटलं.

तिने संचिताकडे बघितलं. पाहुणा काहीतरी भलतं बोलून गेला की घरची बाई जशी सावरून घेते, तशी. "बरं," ती म्हणाली. "हे आले की सांगते तुम्ही येऊन गेलात म्हणून."

क्लाइव्हला माझ्या आधी कळलं. तो गडग्याशी टेकून उभा होता. "टॅपेट," तो म्हणाला. "लवू, ती गाडयेच्या आवाजार तुका वळखी रे. तोच आमी काढून टाकलो."

मग मी जे केलं ते तुला वेडेपणा वाटेल. बॉनेट उघडलं, वरचं झाकण काढलं आणि जी टॅपेट मी केसाच्या अंतराने सेट केली होती ती सगळी ढिली केली. लोक वेशीकडे निघाले होते आणि मी चांगलं इंजिन बिघडवत होतो. सुरू केलं. टकटक आली. थोडी घाईची, थोडी पातळ, पण टकटक. क्लाइव्ह गाडी पारापर्यंत घेऊन गेला आणि वळून परत आला. मी तिच्याजवळ उभा राहिलो.

तिने मान तिरपी करून ऐकलं, पोरगं पाढे म्हणतंय का ते ऐकावं तसं. क्लाइव्ह उतरल्यावर त्याला म्हणाली, "तुमच्या गाडीचं टॅपेट वाजतंय. आमचे हे आले की दाखवा त्यांना, नीट करून देतील." मग आवाज खाली आणला. "त्यांच्या स्वतःच्या गाडीचंही वाजतं. त्यांना लाज वाटते त्याची. त्यांना सांगू नका, पण मला तो आवाज आवडतो. पारापाशी आला की मी चहाचं पाणी ठेवते. ते दारात येईपर्यंत उकळी आलेली असते."

मी इथेच उभा होतो. हे ती मला सांगत नव्हती.

जुन्या इंजिनासाठी बाबलीला फोन लावला. म्हणाला, "काका, ता दिवाळीतच कोल्हापूराक गेला. वितळला पन आसतला. कित्याक, काय ऱ्हवला आत?" मी म्हटलं, होय, राहिलं. "कागद बिगद?" म्हणाला. फोन ठेवला.

इतक्यात अख्खी वाडी रिकामी झाली. सुनीती ओसरीवरून हलायला तयार नाही. "हे आल्याशिवाय मी कशी येऊ?" शेवटी संचिताने डोकं चालवलं. "बाई, शाळेची सहल निघाली, पोरां खोळांबली." ती लगेच उठली. चप्पल घातली, संचिताचा हात धरला आणि चालायला लागली. वेशीपर्यंत पायी. वाटेत ज्याची-त्याची पोरं मोजत होती. पिशव्या घेऊन मी मागे. थोड्या वेळाने तिने संचिताला विचारलं, "हे गृहस्थ आपल्या मागून का येतायत?"

"सामान आसा मा, बाई. उचलूक कोणी तरी व्हया."

ती थांबली, वळून मला म्हणाली, "सावकाश या हं. घाई नाही."

गाडी अंगणात राहिली. गावात कोणी ठेवायचं नसतं, पण गाडीला कोण विचारतो?

झोपडीत मी तिच्याजवळच होतो. जेवण वाढलं तर "आभारी आहे" म्हणायची. रस्त्याकडे तोंड करून बसायची. एकदा तू संचिताला फोन केलास, तिने तो स्पीकरवर टाकला, आठवतं? तू "आई" म्हणालीस आणि तिने ताबडतोब विचारलं, "गौरू, जेवलंस काय गो?" मालवणीत. मी बाहेर भांडी विसळत होतो. ऐकलं.

आता ती परत ओसरीवर आहे. मी समोर आहे आणि ती माझी वाट बघते. हे तिला झेपत नाही. परवा संचिताची पाठ वळली आणि ती गेट उघडून पारापर्यंत गेली, मला आणायला. मी मागून गेलो, हाक मारली नाही. कुठल्या नावाने मारणार?

तुझा आवाज ती ओळखते. माझा जो होता तो वितळला. नाताळची वाट बघू नकोस. ये आणि तिला घेऊन जा. तू कोण म्हणून मी विचारणार नाही.

बाबा


आचरा, ४ जानेवारी

गौरजा,

पोचल्याचा तुझा फोन आला, मला आला, संचिताला नाही. फोनवर राहिलेलं इथे लिहितो.

तू गाडी घेऊन आलीस तेव्हा मी तुला बाजूला घेऊन सांगितलं होतं, ती परक्या गाडीत बसत नाही, घाटात दार उघडेल, दोरी बांधावी लागेल, काय काय. तू ऐकून घेतलंस. मग तिच्यापाशी गेलीस आणि म्हणालीस, "आई, बाबांनी गाडी पाठवलीय."

"ते नाय इले?"

"कामात आसत. मागसून येतत."

आणि ती बसली. पदर सारखा केला, पर्स मांडीवर घेतली. मी अंगणात आख्खं गॅरेज मांडलं, तू एक वाक्य बोललीस. मला तुझं कौतुक वाटलं आणि थोडा रागही आला, तो आता गेला.

तुला एक दिसलं नसेल. तू डिकी लावत होतीस तेव्हा तिने काच खाली केली आणि मला बोलावलं. "तुम्ही इथेच असता ना? मग हे आले की त्यांना सांगा, चहा ओट्यावर झाकून ठेवलाय." मला वाटलं बोलायचं म्हणून बोलली. तुम्ही गेल्यावर आत गेलो. खरंच होता. बशी झाकलेली. सोनेरी काठाच्या कपात नव्हता, माझ्या स्टीलच्या पेल्यात होता. गार झाला होता. साखर घातलेली नव्हती. मला साखर चालत नाही.

प्यायलो.

घर शांत आहे. संचिता सकाळी येऊन झाडून जाते आणि उगाच थोडा वेळ बसते. अबोलीला फूल आलंय. क्लाइव्ह रविवारी येतो, आम्ही कॅरम खेळतो, तो चोरी करतो आणि मी बघूनही बोलत नाही. फियाटबद्दल त्याने विचारलं, विकतंस काय? गोव्याचा कोणी शौकीन आहे, चांगली किंमत देईल. बघू म्हटलं. नव्या इंजिनाचा नंबर अजून गाडीच्या आरसी पुस्तकात चढवून घेतलेला नाही, अर्जसुद्धा केलेला नाही. लोक बघायला येतात, त्यांना सुरू करून दाखवतो. टॅपेट परत सेट केलेली नाहीत.

तू विचारलंस केव्हा येता. पुढच्या शनिवारी येतो. दारात मला बघून तिने विचारलंच, आपण कोणाचे पालक, तर खरं तेच सांगेन. गौरजाचा. तेवढं तरी तिला पटेल.

कणकवलीहून एसटीने येईन, स्टँडवर आणायला येऊ नकोस, रिक्षा करीन. फियाट इंजिन बदलल्यापासून पारापर्यंत दोनदा जाऊन आली, तेवढीच. दुसऱ्या गिअरच्या पुढे ती अजून गेलेली नाही.

बाबा